जुन्या स्पोर्ट्स सेडानचं सस्पेन्शन: पार्ट नाही, अचूक निवड विका



समजा, गोंदियात तुमचं छोटं गॅरेज आहे. सकाळी शटर उघडता उघडता एमएच-३५ नंबरची एक जुनी स्कोडा लॉरा दारात येऊन उभी राहते. मालक काच खाली करतो आणि म्हणतो, "भाऊ, समोरून टकटक आवाज येऊन राहिला. दोन्ही शॉकअप बदलून टाका. किती होतील ते सांगा."

तुम्ही काय कराल?

बहुतेक जण नागपूरच्या होलसेलवाल्याला फोन लावतात, रेट विचारतात, त्यावर आपले पैसे चढवतात आणि आकडा सांगून मोकळे होतात. गिऱ्हाईकानं मागितलं ते दिलं, यात चूक काय? चूक एवढीच, की गिऱ्हाईकाला आवाज ऐकू येतो, आजार दिसत नाही. आजार शोधणं हे तुमचं काम आहे, आणि खरा पैसा त्याच कामात आहे.

हे गिऱ्हाईक आलं कुठून?

आपल्याकडे स्पोर्ट्स सेडान किती असणार, असं तुम्हाला वाटेल. गावातलं प्रत्येक गॅरेज हाच विचार करतं, म्हणून तर या गाड्या घेऊन मालक नागपूर गाठतात.

थोडं मागे जाऊ. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला. २००४ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस आली: १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० हॉर्सपॉवर. पुढे २०११ मध्ये लॉरा व्हीआरएस आली. पुण्याजवळ रांजणगावला फियाट लिनिया बनायची, तिची टी-जेट टर्बो २०१० मध्ये आली. म्हणजे या गाड्या आपल्याच महाराष्ट्रात तयार झालेल्या आहेत.

आज त्यांचं वय बघा. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. २०१० किंवा २०११ ची गाडी आता नेमकी या उंबरठ्यावर आहे. मालकाला ठरवायचं असतं: विकायची की ठेवायची? जो ठेवतो, त्याचा गाडीवर जीव असतो. तो खर्च करायला तयार असतो, फक्त फसायला तयार नसतो. लिनिया तर बीएस-६ नियम यायच्या आधीच बंद झाली. त्यामुळे तिच्या मालकाला योग्य पार्ट शोधून देणारा माणूस हवाच असतो.

पहिली पायरी: आवाज ओळखा

माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या सेडानच्या पुढून आवाज यायचा. एका गॅरेजवाल्यानं गाडी वर न घेताच दोन्ही शॉकअप बदलले. बिल भरलं, निघालो, आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर पुन्हा तोच आवाज! दुसऱ्या मिस्त्रीनं गाडी जॅकवर घेतली आणि लिंक रॉड हातानं हलवून दाखवला. दुखणं तिथं होतं. मी पहिल्या गॅरेजवाल्याशी भांडलो नाही. फक्त परत त्याच्याकडे गेलो नाही. मित्रांनो, भांडणारं गिऱ्हाईक परवडलं, गुपचूप निघून जाणारं परवडत नाही.

म्हणून ही यादी गॅरेजच्या भिंतीवर लावा:

- बारीक खड्ड्यांवर, कमी वेगात टकटक: आधी लिंक रॉड आणि स्टॅबिलायझर बारचे बुश बघा.
- ब्रेक मारताना किंवा सोडताना 'धड' असा आवाज: लोअर आर्मचा बुश.
- उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना करकर, किंवा स्प्रिंगनं उडी मारल्यासारखं वाटणं: स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगचं बेअरिंग.
- खड्डा गेल्यावरही गाडी दोन-तीनदा डुलणं, टायर टप्प्याटप्प्यानं झिजणं, शॉकअपवरून तेल ओघळणं: इथे खरोखर शॉकअप गेलेला असू शकतो. नुसता ओलसर डाग आणि ओघळणारं तेल यात फरक आहे, तो गिऱ्हाईकाला दाखवा.
- गाडी एका कोपऱ्यावर बसणं: स्प्रिंग तुटली का ते बघा.

शक्य असेल तर गिऱ्हाईकाला बाजूला बसवून एक चक्कर मारा. आवाज आला की त्याला विचारा, "हाच ना?" पाच मिनिटांचं काम आहे. या तपासणीची छोटी फी घ्या आणि काम तुमच्याकडेच झालं तर ती बिलातून वजा करा. फुकट तपासणीला लोक किंमत देत नाहीत.

दुसरी पायरी: नंबर जुळवा, अंदाज नको

"लॉराचे शॉकअप द्या" ही ऑर्डर अपुरी आहे. लॉरा ज्या प्लॅटफॉर्मवर बनली, त्यावर पुढच्या स्ट्रटचे ५० मिलिमीटर आणि ५५ मिलिमीटर असे दोन व्यास येतात. चुकीचा मागवला तर बसणारच नाही. मागच्या बाजूलाही फरक आहे. पहिल्या ऑक्टाव्हियाला मागे टॉर्शन बीम आहे, लॉराला मल्टिलिंक. दोन्ही स्कोडाच, पण मागचे पार्ट पूर्ण वेगळे.

म्हणून ऑर्डरच्या आधी चार गोष्टी लिहून घ्या: चासी नंबर, गाडी बनल्याचं वर्ष, जुन्या पार्टवर छापलेला नंबर आणि प्रत्यक्ष मोजलेला व्यास. जुन्या पार्टचा फोटो काढा. युरोपच्या कॅटलॉगमधून मागवत असाल तर आपल्याकडच्या गाडीच्या उंचीला तो पार्ट चालतो का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना.

तिसरी पायरी: पर्याय समोर ठेवा

एक, शोरूमचा पार्ट. कंपनीच्या डब्यातला. महाग, पण जुळण्याची खात्री जास्त.

दोन, त्याच दर्जाचा दुसऱ्या ब्रँडचा. जे कारखाने गाडी कंपन्यांना माल देतात, तेच स्वतःच्या नावानंही विकतात. झेडएफचे साक्स आणि लेमफोर्डर, टेनेकोचा मनरो ही नावं लक्षात ठेवा. आपल्या देशात गॅब्रिएल १९६१ पासून शॉकअप बनवते. पण ब्रँड ओळखीचा आहे म्हणून तो तुमच्या मॉडेलसाठी मिळेलच असं नाही. नंबर बघूनच बोला.

तीन, परफॉर्मन्स पार्ट. बिलस्टीनचं उदाहरण घ्या. त्यांचा बी४ मूळ शॉकअपच्या जागी बसणारा साधा पर्याय आहे, बी६ मूळ स्प्रिंगसाठी पण कडक, आणि बी८ उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगसाठी. कंपनी एकच, गाडी एकच, तरी तीन गिऱ्हाईकांसाठी तीन वेगळे माल.

चार, स्वस्त डुप्लिकेट आणि भंगारातला वापरलेला पार्ट. शॉकअप, बॉल जॉइंट आणि आर्म याच्या बाबतीत इथे हात जोडा आणि "नाही" म्हणा. वेगात बॉल जॉइंट निसटला तर प्रश्न पैशाचा राहत नाही, माणसांचा होतो.

यातला कोणता पर्याय कुणाला? तीन प्रश्न विचारा.

"गाडी जास्त कुठे चालते?" देवरीवरून राष्ट्रीय महामार्ग ५३ नं रायपूरला जाणारा माणूस आणि पावसाळ्यात अर्जुनी मोरगावच्या आतल्या रस्त्यांनी शेतावर जाणारा माणूस, यांना एकच शॉकअप सुचवू नका. दुसऱ्याला कडक पार्ट दिला तर महिन्याभरात कंबर धरून तुमच्याकडे येईल.

"गाडीत माणसं किती असतात?" एकटा चालवणारा वेगळा, दर रविवारी पाच जण आणि डिकीभर सामान नेणारा वेगळा.

"गाडी अजून किती वर्षं ठेवायची आहे?" सहा महिन्यांत विकणार असेल तर सुरक्षिततेला लागेल तेवढंच करा. पाच वर्षं ठेवणार असेल तर बुश, माउंटिंग, शॉकअप असा पूर्ण संच सुचवा.

कुणी गाडी खाली बसवून मागेल. त्याला आपल्याकडचे स्पीडब्रेकर आठवून द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालतं, हेही सांगा. पॉलियुरेथेनचे कडक बुश मागितले तर सांगा की स्टीअरिंग चोख होईल, पण धक्का आणि आवाज आत येईल. निर्णय त्याचा, माहिती तुमची.

चौथी पायरी: फिटिंगमध्ये घाई नको

योग्य पार्टही चुकीच्या फिटिंगनं वाया जातो. शॉकअप आणि स्प्रिंग नेहमी जोडीनं बदला, डावा-उजवा एकत्र. वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धूळ-कव्हर जुनंच ठेवून नवा शॉकअप बसवू नका, तीच मजुरी पुन्हा लागेल. काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवे घ्या. आर्मच्या बुशचा बोल्ट चाकं हवेत लटकत असताना शेवटचा आवळू नका. गाडीचं वजन चाकांवर असताना आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटी अलाइनमेंट.

आणि स्प्रिंग उघडताना चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसरच वापरा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकतं. इथे जुगाड नको म्हणजे नको.

परत आलेल्या गाडीचं गणित

आकडे समजण्यापुरते घेऊ. पुढची शॉकअपची जोडी तुम्ही १६,००० रुपयांना विकली, त्यात १२ टक्के सुटले, म्हणजे १,९२० रुपये. मजुरी २,५००. एकूण ४,४२० रुपये. छान!

आता पार्ट चुकीचा निघाला आणि गाडी परत आली. कुरिअर ९००, पुन्हा केलेली २,५०० ची मजुरी फुकट, अलाइनमेंट ८००, जागा अडली म्हणून बुडालेलं दिवसाचं काम २,०००. झाले ६,२०० रुपये. म्हणजे नफा तर गेलाच, वर खिशातून १,७८०. आणि बसवून काढलेला पार्ट विक्रेत्यानं परत घेतला नाही, तर १४,०८० रुपयांचा माल तुमच्या कपाटात.

एका चुकीची भरपाई व्हायला पुढचं अर्धं काम फुकट करावं लागतं. म्हणून पहिल्या तीन पायऱ्यांवर गेलेला एक तास हा खर्च नाही, विमा आहे.

भांडवल कपाटात अडकवू नका

या गाड्यांचे शॉकअप स्टॉकमध्ये ठेवू नका. गोंदियासारख्या ठिकाणी महागडा पार्ट वर्षभर धूळ खाऊ शकतो. पद्धत सोपी ठेवा: तपासणी, लेखी अंदाजपत्रक, किमान निम्मा अ‍ॅडव्हान्स आणि मगच ऑर्डर. अंदाजपत्रकावर ब्रँड, पार्ट नंबर आणि वॉरंटी लिहा.

माल पक्क्या बिलानंच घ्या, बिलाशिवाय वॉरंटी मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यामुळे जुने रेट तोंडपाठ असतील तर विसरा. गॅरेजमध्ये माल आणि सेवा दोन्ही असतात, म्हणून महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते. मात्र बालाघाट किंवा राजनांदगावच्या गिऱ्हाईकाला पार्ट पाठवून विकायचे असतील, तर उलाढाल कितीही असो, आधी नोंदणी करा. आपला जिल्हा दोन राज्यांच्या सीमेवर आहे, ही संधी आहे, पण कागद नीट ठेवणाऱ्यासाठी.

या आठवड्याचं काम

एक वही घ्या. तुमच्या तालुक्यात अशा जुन्या सेडान किती आहेत, ते ओळखीच्या मिस्त्री, टायरवाले आणि अलाइनमेंटवाल्यांना विचारा. दहा गाड्या सापडल्या तरी पुरे. प्रत्येकीचं मॉडेल, वर्ष आणि मालक गाडी कुठे चालवतो ते लिहा. मग त्यातल्या एका मॉडेलचे बुश, लिंक रॉड, माउंटिंग, शॉकअप यांचे नंबर आणि तीन विक्रेत्यांचे रेट भरा.

आणि सकाळी आलेल्या त्या लॉरावाल्याला काय सांगाल? "दादा, शॉकअप चांगले आहेत, लिंक रॉड गेलेत. थोडक्यात काम होईल." त्या दिवशी तुमच्या गल्ल्यात कमी पैसे पडतील. पण संध्याकाळपर्यंत ही गोष्ट तो चार जणांना सांगेल, आणि ज्या दिवशी खरंच शॉकअप जातील, त्या दिवशी तो नागपूरला जाणार नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही भरत राहा!