साठ वर्षांच्या कराराचे घर

१९८१ साली कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईतून वाशीजवळ आला. पुढील पंधरा वर्षांत मसाला, धान्य, फळे आणि भाजीपाला यांचे बाजारही तुर्भे-वाशीकडे सरकले. मस्जिद बंदरच्या पेढ्यांवर पिढ्या घालवलेल्या समाजातील अनेक कुटुंबांनी गाळ्यापाठोपाठ घरही खाडीपलीकडे नेले. आज त्या घरांत तिसरी पिढी नांदत आहे. ‘हे घर आमच्या मालकीचे’ असे ती पिढी निःशंकपणे म्हणते. सदनिकेपुरते ते खरेही आहे. इमारतीखालच्या जमिनीचे मात्र तसे नाही.

नवी मुंबई वसविण्यासाठी महाराष्ट्र शासनाने १९७० साली सिडको महामंडळ स्थापन केले. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी निश्चित झाल्या. सिडकोने त्या विकल्या नाहीत, तर साधारणतः साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिल्या. शेतकऱ्यांच्या दीर्घ लढ्यातून साकारलेल्या साडेबारा टक्के योजनेतील भूखंडही भाडेपट्ट्यानेच मिळाले. एकरकमी अधिमूल्य भरायचे, दरवर्षी नाममात्र भाडे द्यायचे आणि मुदतीपुरता उपभोग घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. व्यापाऱ्याला त्याचे मर्म जमाखर्चाच्या भाषेत चटकन कळेल: मुदतीच्या पट्ट्यासाठी दिलेली रक्कम वहीत दरवर्षी थोडी थोडी निर्लेखित होत जाते. घराच्या बाबतीत ही वही कोणी ठेवत नाही. बाजारभाव वाढत राहतो आणि खाली आटत चाललेली मुदत दृष्टीआड होते.

गफलत होते ती मुदत मोजताना. २००५ साली वाशीत जुनी सदनिका घेणाऱ्याला वाटते की साठ वर्षे आपल्या खरेदीपासून सुरू झाली. वस्तुतः मुदत जमिनीच्या मूळ कराराला चिकटलेली असते. संस्थेच्या भूखंडाचा करार १९८३ चा असेल आणि मुदत त्या दिवसापासून धरलेली असेल, तर ती २०४३ मध्ये संपेल, मग मधल्या काळात सदनिका कितीही हातांतून जावो. म्हणून पहिला कागद पाहायचा तो स्वतःच्या खरेदीखताचा नव्हे, तर संस्थेच्या दप्तरातील भाडेपट्टा कराराचा. पुष्कळ ठिकाणी तेथे केवळ ‘भाडेपट्टा करण्याचा करार’ सापडतो. बांधकाम पूर्ण होऊन भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर व्हावयाचे नोंदणीकृत भाडेपट्टा खत झालेलेच नसते, किंवा भूखंड अजून विकासकाच्याच नावे असतो. अशा संस्थेने मुदतवाढीची भाषा करण्यापूर्वी हे घर आवरलेले बरे.

२०१८ च्या अखेरीस राज्य शासनाने या प्रश्नात हात घातला. एकरकमी शुल्क घेऊन सिडकोचा साठ वर्षांचा भाडेपट्टा नव्व्याण्णव वर्षांपर्यंत वाढवून देण्याचे धोरण त्याने स्वीकारले. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये जमिनी ‘फ्रीहोल्ड’ करण्याचा निर्णय सिडकोने जाहीर केला. निवडणुकीच्या तोंडावर झालेल्या घोषणेने हुरळून जाण्याचे कारण नाही. घोषणा, शासनाची मंजुरी आणि अंमलबजावणीचे परिपत्रक या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. शुल्काचा हिशेब अर्जाच्या दिवशी लागू असलेल्या परिपत्रकावरूनच करावा, दलालाच्या तोंडी आकड्यावरून नव्हे.

मुदत अजून वीस वर्षे आहे, मग घाई कशाला, असे विचारले जाते. उत्तर बँकेच्या टेबलावर मिळते. कर्जाची फेड संपल्यानंतरही भाडेपट्ट्याची काही वर्षे शिल्लक असावीत, अशी अपेक्षा कर्ज देणारा धरतो. मुदत आखडली की खरेदीदाराला मिळणारी कर्जाची वर्षे आखडतात आणि घराची किंमतही त्यामागे जाते. वाशीतील जेएन प्रकारच्या जुन्या इमारतींसारखा पुनर्विकासाचा प्रश्न उभा राहिला, तर नव्या सदनिका विकणारा विकासकही प्रथम शिल्लक वर्षेच मोजतो.

विलायतेत आप्त असणाऱ्या कुटुंबांना हे नवे नाही. तेथे १९९३ च्या कायद्याने सदनिकाधारकाला नव्वद वर्षांची वाढ मागण्याचा हक्क दिला, आणि शिल्लक मुदत ऐंशी वर्षांखाली गेली की वाढीची किंमत चढते हे लंडनमधील घरमालक पुरते जाणून असतो. नवी मुंबईत मात्र जमिनीचा भाडेपट्टा बहुधा संस्थेच्या नावे असल्याने एकट्या सभासदाला पुढे जाता येत नाही. सर्वसाधारण सभेत ठराव हवा, वर्गणीचे प्रमाण ठरायला हवे, आणि थकलेली भाडी व शुल्के आधी चुकती व्हायला हवीत.

सर्वांत अवघड गाठ असते हस्तांतरणाची. सिडकोचे हस्तांतर शुल्क वाचविण्यासाठी नवी मुंबईत कित्येक सदनिका केवळ कुलमुखत्यारपत्रावर विकल्या गेल्या. अशा व्यवहाराने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. मूळ धारक हयात नाही, त्याचे वारस तीन शहरांत, आणि कागद साध्या मुखत्यारपत्राचा, असे एखादे घर प्रत्येक जुन्या संस्थेत निघते. वडिलांच्या पश्चात भावाभावांत वाटणी झाली, परंतु सिडकोच्या व संस्थेच्या नोंदी वडिलांच्याच नावे राहिल्या, हा प्रकार तर व्यापारी घरांत अधिकच. वारस नोंदीसाठी मृत्यूदाखला, वारसांची संमती आणि मूळ करार लागतात. संमती देणारी वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर हे काम एका बैठकीत उरकते, नंतर त्यासाठी न्यायालयाचा दाखला आणावा लागतो.