धुक्यातला चढ आणि हरवलेला सोर्स कोड

पावसाळ्यात पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना पुढचं वळणही दिसत नाही. अशा धुक्यात रस्ता सोडून, नुसता पायाखालचा चढ चाचपत निघालात तर माथा गाठालच असं नाही. मधल्याच एखाद्या सोंडेवर जाऊन अडकाल. मशीन कोडवरून मूळ प्रोग्राम शोधणाऱ्या संगणकाची गतही हीच.

कंपायलर सोर्स कोडचं मशीन कोडमध्ये रूपांतर करतो, तेव्हा प्रोग्रामरच्या टिपा आणि बहुतेक नावं गळून पडतात. ‘क्ष गुणिले 2’ आणि ‘क्ष अधिक क्ष’ यांतून कित्येकदा एकच सूचना तयार होते. मग मूळ ओळ कोणती होती?

अमेरिकेतल्या ग्रामाटेक कंपनीच्या संशोधकांनी 2018 मध्ये या कामाला उत्क्रांती जुंपली. सी भाषेतल्या उमेदवार प्रोग्रामांची एक पिढी घ्यायची, प्रत्येक कंपाइल करायचा, आलेले बाइट मूळ फाइलशी ताडून पाहायचे. जवळ जाणारे ठेवायचे, त्यांचे तुकडे एकमेकांत मिसळायचे, मध्येच एखादी ओळ बदलायची. या मिसळीमुळे आणि बदलांमुळेच शोध सोंडेवर अडकण्याची भीती कमी होते. संगणकशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी 1975 च्या पुस्तकात मांडलेली युक्ती ती हीच.

मशीन कोडवरून सोर्स कोड बनवणाऱ्या नेहमीच्या डीकंपायलरचा कोड पुन्हा कंपाइल होईलच, याची खात्री नसते. इथे सगळे बाइट जुळले की पडताळणी तिथेच संपली. मला यातलं हेच आवडतं. अर्थात कंपायलर आणि त्याची सेटिंग्ज आधी ओळखावी लागतात. आणि व्हेरिएबलचं नाव ‘व्याज’ होतं की ‘रक्कम’, हे बाइट जुळवून कळत नाही, पिढ्या कितीही जावोत.