जुन्या घराचा राडारोडा डंपरात भरताना

माप : 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट. चिऱ्या-मातीचा राडारोडा ब्रासला साधारण 4 टन भरतो. चिऱ्याचा जांभा दगड पाणी पितो. पावसात भिजला की वजन आणखी वाढते.

आधी वेगळे काढा : अख्खे चिरे, मंगलोरी कौले, वासे-रिपा.

भरताना : मोठे चिरे तळाला, हौद्याच्या मध्यावर, फटींत माती. ढीग फाळक्याच्या खालीच, वर ताडपत्री. हौद्यात माणूस असताना जेसीबी मुळीच चालवू नये. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. असे पत्रे न फोडता, ओले करून वेगळे न्यावेत.

जादा भार : दंड 20,000 रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला 2,000.

मनाई : किनारी नियमन क्षेत्र (सीआरझेड) अधिसूचना 2019 नुसार किनाऱ्यावर, कर्ली-कोळंबसारख्या खाड्यांच्या काठी बांधकामाच्या राडारोड्याचा भराव टाकता येत नाही.