दार बत्तीसचं, घर चौसष्टचं: काकांच्या छोट्या लॅपटॉपची गोष्ट

आजचा भाग एका अकरा इंची लॅपटॉपबद्दल आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीसारखं हे शब्दांकन. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढून टाकलेत. सगळे निघाले नाहीत, चालवून घ्या.

२०२५ च्या दिवाळीत संगमेश्वरला घरी गेलो होतो. फराळाचं ताट समोर आलं आणि त्याच्या मागोमाग काका लॅपटॉप घेऊन आले. ‘‘हे बघ रे जरा. दुकानातला म्हणतो, आता हा चालणार नाही, नवीन घ्या.’’ पडद्यावर सूचना होती: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे माझ्याही तोंडात पहिलं उत्तर तेच आलं, की नवीन घेऊ या. पण काकांना लॅपटॉपची काळजी नव्हतीच. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि २०१६ मध्ये हा लॅपटॉप घेतला. तेव्हापासून त्यावर ते संगमेश्वरी बोलीतले शब्द, म्हणी, नमनातली बोलणी टाइप करून ठेवतायत. कोणाकडून ऐकलं, कुठल्या वाडीत ऐकलं, तेही शेजारी लिहिलेलं. त्यातली काही माणसं आता नाहीत. नऊ वर्षांचं काम, आणि प्रत एकच. तीही ह्याच लॅपटॉपमध्ये.

म्हणून आज ‘चालणार नाही’ ह्या वाक्याबद्दल बोलू. त्याचे तीन वेगवेगळे अर्थ असतात आणि लॅपटॉप भंगारात देण्याआधी आपल्याला कुठला सांगितला जातोय ते बघायला हवं.

आत काय आहे?

२०१५-१६ मध्ये स्वस्त, छोट्या लॅपटॉपची एक लाट आली होती. मुंबईच्या आयबॉल कंपनीनं मे २०१६ मध्ये ‘कॉम्पबुक’ काढला, सुरुवातीची किंमत ९,९९९ रुपये. काकांचा दुसऱ्या कंपनीचा, पण आतलं सामान तेच: इंटेलचा ॲटम झेड-३७३५-एफ प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी साठवण. ईएमएमसी म्हणजे मोबाइलात असते तशी बोर्डावरच बसवलेली साठवण. ती काढून मोठी घालता येत नाही. रॅमचंही तसंच.

आज हे आकडे फारच लहान वाटतात. पण ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग आपल्या कोकणातच, कर्जतजवळच्या खैराट गावातल्या शाळेत २००७ मध्ये सुरू झाला. त्या मुलांच्या लॅपटॉपमध्ये २५६ एमबी रॅम आणि १ जीबी साठवण होती, आणि त्यावर लिनक्सच चालायचं. त्या मानानं काकांचा लॅपटॉप म्हणजे वाडा आहे.

‘नाही’चे तीन प्रकार

पहिलं ‘नाही’ धोरणाचं. कंपनीनं अट घातली, तुमचं यंत्र अटीत बसत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर ठरावीक यादीतला लागतो. ही तपासणी चुकवता येते. रूफस नावाच्या साधनानं पेन ड्राइव्ह बनवताना ती काढून टाकायचा पर्यायच मिळतो. अर्थात, पुढे काही बिघडलं तर कंपनी बांधील नाही.

दुसरं ‘नाही’ सोय नसल्याचं. यंत्र समर्थ असतं, पण त्याच्यासाठी लागणारा एखादा छोटा तुकडा कोणी बरोबर दिलेला नसतो.

तिसरं खरोखरचं ‘नाही’. २ जीबी रॅमवर वीस टॅब उघडणार नाहीत म्हणजे नाहीत. तिथे कितीही डोकं लावलं तरी उपयोग नाही.

काकांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ साठी हे तिसरं ‘नाही’ लागू होतं. किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण ह्या अटी राहूच द्या, त्यापेक्षा मोठी अडचण दारातच आहे. विंडोज १० साठी आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात. पण ३२ जीबीपैकी मोकळी जागा इतकी कमी उरली होती, की अपडेट ठेवायचं कुठे हाच प्रश्न होता.

मग लिनक्स. पुण्याहून निघताना मी एका लोकप्रिय लिनक्सचा पेन ड्राइव्ह बनवून आणला होता. लावला, लॅपटॉप सुरू केला. बूटच्या यादीत पेन ड्राइव्ह नाहीच! दुसऱ्या पोर्टला लावला, सिक्युअर बूट बंद केलं, परत लावला. नाहीच. काका म्हणाले, ‘‘बघ, दुकानातला म्हणत होता तेच.’’

दाराची गंमत

इथे थोडं तांत्रिक होऊ, पण हेच आजच्या भागाचं सार आहे.

लॅपटॉपचं बटण दाबलं की आधी जागं होतं ते फर्मवेअर, म्हणजे यूईएफआय. ते साठवणीवर किंवा पेन ड्राइव्हवर ठरलेल्या जागी, ठरलेल्या नावाची फाइल शोधतं आणि तिला कारभार सोपवतं. फर्मवेअर ६४ बिटचं असेल तर ते एका नावाची फाइल शोधतं, ३२ बिटचं असेल तर दुसऱ्या. ह्या दुसऱ्या फाइलचं नाव ‘बूट-आयए-३२’.

ह्या ॲटम लॅपटॉपची गंमत अशी, की प्रोसेसर ६४ बिटचा आहे आणि फर्मवेअर मात्र ३२ बिटचं. २ जीबी रॅमवर ३२ बिटचं विंडोज द्यायचं ठरलं, म्हणून फर्मवेअरही तसंच. घर चौसष्टचं, दार बत्तीसचं. विंडोजचा नियम असा, की जितक्या बिटचं दार तितक्याच बिटचं विंडोज आत जाणार. आणि विंडोज ११ ची ३२ बिटची आवृत्तीच नाही. संपला विषय. तपासणी चुकवूनही उपयोग नाही, कारण तपासणी होते आत गेल्यावर, आणि इथे उंबरठाच ओलांडता येत नाही.

लिनक्सचं तसं नाही. २०१४ मध्ये लिनक्स कर्नलच्या ३.१५ ह्या आवृत्तीत ३२ बिटच्या फर्मवेअरवरून ६४ बिटचं कर्नल सुरू करायची सोय झाली. तिला ‘मिक्स्ड मोड’ म्हणतात. पण ती असूनही अनेक लिनक्सच्या पेन ड्राइव्हवर ती ‘बूट-आयए-३२’ फाइल नसते. फर्मवेअर फाइल शोधतं, सापडत नाही, पेन ड्राइव्ह यादीत दाखवतच नाही. म्हणजे हे दुसऱ्या प्रकारचं ‘नाही’ होतं! लॅपटॉप धडधाकट होता. त्याच्या दाराला लागणारी किल्ली जुडग्यात नव्हती, एवढंच.

डेबियनवाल्यांनी ही सोय २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून दिलीय. माझ्याकडे डेबियन १२ होतं. मोबाइलच्या नेटवर उतरवून घेतलं, दुसरा पेन ड्राइव्ह बनवला, लावला, आणि यादीत त्याचं नाव आलं. काकांनी काही म्हटलं नाही, चष्मा पुसला फक्त.

‘ती फाइल उघडून दाखव’

आता माझी चूक सांगतो. इन्स्टॉल करण्याआधी मी विंडोजमध्ये जाऊन काकांच्या डेस्कटॉपवरचं सगळं पेन ड्राइव्हवर कॉपी केलं होतं. ‘शब्दसंग्रह’, ‘म्हणी’, ‘नमन’, सगळी नावं दिसत होती. मी खूश. इन्स्टॉलर सुरू करणार, इतक्यात काका म्हणाले, ‘‘थांब. तुझ्या लॅपटॉपवर ती फाइल उघडून दाखव आधी.’’

मी थोड्या घाईनंच माझ्या लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावला. फाइल उघडेना. आकार बघितला तर दोन केबी. नऊ वर्षांचं काम दोन केबी कसं असेल? ते सगळे शॉर्टकट होते. मूळ फाइली दुसऱ्याच फोल्डरमध्ये. मी घराच्या ऐवजी पत्त्याच्या चिठ्ठ्या बांधून घेतल्या होत्या. पुढच्या अर्ध्या तासात मी तो डिस्क पुसणार होतो.

मंडळी, मी रोज बॅकअपच्या गप्पा मारणारा माणूस. पण बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून बघितल्याशिवाय तो बॅकअप नसतो, हे मला एका निवृत्त मास्तरांनी शिकवलं. मग मूळ फाइली शोधल्या, दोन ठिकाणी कॉपी केल्या आणि एकेक उघडून काकांना दाखवली. फॉन्टची फाइलही घेतली, तिचं काम पुढे येतंय. शिवाय विंडोजमधूनच रिकव्हरी ड्राइव्ह बनवून ठेवला, म्हणजे परतीची वाट मोकळी. असल्या लॅपटॉपच्या विंडोजची लायसन्स की बहुधा फर्मवेअरमध्येच असते, वेगळी लिहून ठेवावी लागत नाही.

प्रत्यक्ष इन्स्टॉल

हा भाग सगळ्यात सोपा, म्हणून भरभर सांगतो.

चार्जर लावून बसा. त्या संध्याकाळी परतीच्या पावसाचा गडगडाट चालू होता, लाइट दोनदा गेली. जुनी बॅटरी तासभर टिकते हे आधी बघितलं होतं म्हणून निभावलं. नेटसाठी मोबाइल यूएसबी केबलनं जोडून टेदरिंग चालू केलं. वाय-फाय चालेल की नाही ह्याची त्यामुळे चिंता राहत नाही. डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्ये वाय-फायसारख्या भागांचं फर्मवेअरही येतं. काकांचं वाय-फाय आपलं आपण ओळखलं गेलं. डेस्कटॉपसाठी एक्सएफसीई निवडलं, ते हलकं आहे. झी-रॅमही चालू केलं. त्यात रॅममधलाच मजकूर दाबून ठेवला जातो आणि २ जीबीत जरा जास्त मावतं.

आवृत्ती ६४ बिटचीच घ्या. दार ३२ चं आहे म्हणून ३२ ची घ्यावीशी वाटेल, पण डेबियन १३ पासून ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलरच येत नाही. ६४ ची घेतली तर पुढचा रस्ता चालू राहतो. ३२ बिटचा बूटलोडर इन्स्टॉलर स्वतः ओळखून टाकतो.

आणि ह्या पिढीच्या ॲटमवर लिनक्स मध्येच गोठण्याची जुनी तक्रार आहे. नव्या कर्नलमध्ये ती बरीच कमी झालीय. तरी झालंच, तर प्रोसेसरची गाढ झोप बंद करायचा एक पर्याय बूटच्या वेळी देता येतो. बॅटरी मात्र थोडी जास्त खाल्ली जाते.

‘मराठी कुठे गेली?’

रात्री उशिरा सगळं झालं. काकांनी शब्दसंग्रह उघडला आणि पानभर इंग्रजी अक्षरं! त्यांचा चेहरा बघवेना.

मजकूर गेला नव्हता. काका टाइपरायटरवर शिकलेले, त्यामुळे पहिल्यापासून कृतिदेव फॉन्ट वापरायचे. ह्या जुन्या फॉन्टमध्ये फाइलीत मराठी नसतेच. इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी चित्रं दाखवतो. ‘मराठी’ हा शब्द फाइलीत ई, जे, के, बी, एच असा साठवलेला असतो. फॉन्ट काढला की मुखवटा उतरतो. विंडोजमधून आणलेली फॉन्टची फाइल टाकली आणि मराठी परत आली.

पण हा तात्पुरता इलाज. काकांनंतर ही फाइल उघडणाऱ्याकडे तो फॉन्ट असेलच असं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी युनिकोडमध्ये रूपांतर केलं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. रफारचं नेमकं उलटं. जोडाक्षरं आणि ‘तऱ्हा’मधला अर्धा र इथे घोळ होतो. बोलीतले शब्द तर कुठल्याच स्पेलचेकला माहीत नसतात, तिथे काकांनाच बसावं लागलं. अजून बसतायत. बोटांना सवय रेमिंग्टनची, म्हणून आयबसमध्ये तोच कळफलक लावून दिला. टाइप जुन्या पद्धतीनं, साठवण युनिकोडमध्ये.

मग करावं का?

डिजिटल सहीचं डोंगल, हिशोबाचं खास विंडोजचं सॉफ्टवेअर किंवा एखादा हट्टी प्रिंटर ज्यांच्या पोटापाण्याचा भाग आहे, त्यांनी करू नये. लिहिणं, वाचणं, मेल, गाणी, दोन-तीन टॅब एवढंच काम असेल, तर जरूर करून बघा.

आणखी एक. सपोर्ट संपला म्हणजे यंत्र संपलं असं नाही, त्याच्यामागे उभं राहणारं कोणी उरलं नाही एवढंच. डेबियन १२ ला सुरक्षा अपडेट जून २०२८ पर्यंत आहेत. पण रात्री आवाज बंद पडला तर काका डेबियनला फोन करणार नाहीत, मला करणार. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकणाऱ्यानं हे आधी कबूल करावं, मगच पेन ड्राइव्ह काढावा.

संगमेश्वर रोडला गाडीत बसलो तेव्हा शब्दसंग्रहाच्या तीन प्रती झाल्या होत्या. एक लॅपटॉपवर, एक काकांच्या कपाटात, एक माझ्या बॅगेत. गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. मला वाटलं काहीतरी बिघडलं. ते म्हणाले, ‘‘बिघडलं काही नाही. ‘ह’ला आलोय, एवढंच सांगायचं होतं.’’

भेटू पुढच्या भागात.