ईजीआर व्हॉल्व्ह : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एक्झॉस्टचा थोडा वायू ईजीआर व्हॉल्व्हमार्फत पुन्हा इंजिनात जातो. या वायूमुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. गाडीचा पिकअप पडला, की पहिला संशय मात्र याच व्हॉल्व्हवर येतो. तो तपासला जातोच असे नाही.

गैरसमज : स्कॅनरवर पी०४०१ कोड आला, म्हणजे व्हॉल्व्ह गेला.
वस्तुस्थिती : या कोडचा अर्थ एवढाच, की वायू अपेक्षेपेक्षा कमी येतो आहे. काजळीने तुंबलेला मार्ग, चिरलेली व्हॅक्यूम नळी किंवा बिघडलेला सेन्सर, यांपैकी काहीही कारण असू शकते.

गैरसमज : खोलल्याशिवाय तपासणी होत नाही.
वस्तुस्थिती : व्हॅक्यूमवर चालणाऱ्या जुन्या व्हॉल्व्हला हातपंप पुरतो. पेट्रोल इंजिन आयडलिंगला ठेवून पंपाने व्हॅक्यूम दिला, की इंजिन अडखळले किंवा बंद पडले पाहिजे. व्हॉल्व्ह उघडूनही इंजिन तसेच चालत राहिले, तर मार्ग तुंबला आहे. इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह स्कॅनरवरून उघडून-मिटून पाहतात. दिलेला आदेश आणि व्हॉल्व्हची प्रत्यक्ष स्थिती यांचे टक्के जुळायला हवेत. डिझेल गाडीत व्हॉल्व्ह उघडल्यावर एअर-फ्लो सेन्सरचा आकडा उतरायला हवा.

गैरसमज : व्हॅक्यूम टिकला नाही, म्हणजे डायफ्रॅम फाटला.
वस्तुस्थिती : नेहमीच नाही. काही व्हॉल्व्ह एक्झॉस्टचा दाब मिळाल्याशिवाय व्हॅक्यूम धरतच नाहीत. बंद इंजिनावर तपासले, तर चांगला व्हॉल्व्हही नापास होतो.

गैरसमज : पीयूसी मिळाले, म्हणजे ईजीआर ठीक.
वस्तुस्थिती : पीयूसी चाचणीत पेट्रोल गाडीचे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन आणि डिझेल गाडीचा धूर मोजतात. ईजीआर ज्यासाठी बसवलेला असतो, ते नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत.

गैरसमज : ईजीआर बंद करून टाकला, की कटकट मिटली.
वस्तुस्थिती : पेट्रोल इंजिनात नॉकिंग वाढू शकते. बीएस-६ गाडीत इंजिनाच्या संगणकाला (ईसीयू) हा बदल कळतो आणि चेक इंजिन लाइट लागतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार करू देत नाही.

तेव्हा नवा व्हॉल्व्ह घेण्याआधी मेकॅनिककडून स्कॅनरचे रीडिंग मागा आणि वायूचा मार्ग साफ आहे ना, हे आपल्यासमोर पाहून घ्या.