हानले : अंधाराचे जतन

तारे पाहावयाचे, तर प्रथम अंधार हवा. शहरांतील दिव्यांच्या झगमगाटात आकाशगंगा दिसेनाशी होते. लडाखमधील हानले येथे मात्र अंधाराचेच जतन केले जाते. तेथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलीय वेधशाळेची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिच्या परिसरातील १,०७३ चौरस किलोमीटर क्षेत्र २०२२ साली अंधार-आकाश राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले. ग्रामस्थ रात्री खिडक्यांना जाड पडदे लावतात, दिव्यांवर झाकणे बसवितात. प्रशिक्षित ग्रामस्थ लहान दुर्बिणींतून पाहुण्यांना ग्रह-तारे दाखवितात. २०२३ पासून हौशी आकाशनिरीक्षकांचे मेळावेही तेथे भरू लागले. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून जाणाऱ्यांनी आधी लेह येथे मुक्काम करणे आवश्यक असते. अंधार राखला, तरच वेधशाळेचे कार्य निर्वेध चालेल आणि गावाचा हा नवा रोजगारही टिकेल.