जड खाली, हलके वर

बालरोगतज्ज्ञाला वजन हा विषय नवा नाही. आमचे सारे शास्त्र किलोग्रॅमवर चालते. ताप उतरविण्याचे औषध असो वा शिरेतून द्यावयाचे सलाइन, ‘वजन किती?’ हा आमचा पहिला प्रश्न असतो. शाळांच्या पालकसभांतून दप्तराच्या ओझ्यावर मी अनेकदा बोललो आहे. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, हे सांगता सांगता घसा सुकला. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात हेच प्रमाण आले, तेव्हा म्हणूनच समाधान वाटले. असा हा मनुष्य सहकुटुंब हिमालयात निघाला तेव्हा आपण गाडीवर किती ओझे लादले आणि ते कोठे ठेवले, याचा हिशेब मात्र त्याने केला नव्हता. त्या बेहिशेबीपणाची किंमत एका नऊ वर्षांच्या मुलाने मोजली. आपल्या मंडळातील अनेक तरुण सहकारी हल्ली सुट्टीत जीप घेऊन स्पिती, लडाख, कच्छचे रण अशा वाटा धरू लागले आहेत. त्यांच्यासाठी ही हकिगत लिहून ठेवतो.

जुलै २०१२ मध्ये आम्ही दोन कुटुंबे दोन जीपगाड्यांतून इंदूरहून स्पितीकडे निघालो. दुसरे कुटुंब माझ्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्राचे. तंबू, झोपण्याच्या पिशव्या, स्टोव्ह, घडीच्या खुर्च्या, पाण्याचे व डिझेलचे कॅन, सुटे चाक, दोर, फावडे आणि घरच्या मंडळींनी भरून दिलेले फराळाचे डबे अशी जमवाजमव महिनाभर चालली होती. ‘असू दे, लागेल’ हा त्या महिन्याचा मंत्र होता. टपावर बसविण्याचे लोखंडी कॅरिअर सियागंजमधून घेतले. ते चढवून देणाऱ्या वृद्ध हमालाने आमची सामानाची यादी ऐकली आणि एवढेच म्हटले, “डॉक्टर साब, भारी नीचे, हल्का ऊपर.” आम्ही हसून मान डोलावली आणि घरी येऊन नेमके उलटे केले. तंबू व पांघरुणे ‘धुळीने खराब होतील’ म्हणून आत, आणि डिझेलचे दोन, पाण्याचे दोन असे वीस-वीस लिटरचे चार कॅन ‘सांडले तर आत वास नको’ म्हणून टपावर!

आग्रा-मुंबई रस्त्याने ग्वाल्हेर, पुढे दिल्ली ओलांडून दुसऱ्या दिवशी आम्ही पानिपतास पोहोचलो. तेथे काला अंबच्या स्मारकापाशी मराठी माणसाचे पाऊल थबकल्याशिवाय राहत नाही. १४ जानेवारी १७६१ च्या त्या रणभूमीवर मुलांना इतिहास सांगताना अवजड तोफा, बायकामुले आणि बाजारबुणगे मागे ठेवून हलक्या फौजेनिशी लढावे, हा मल्हारराव होळकर व सूरजमल जाट यांचा सल्ला मी मोठ्या आवेशाने सांगितला. मागे उभ्या असलेल्या आमच्या गाडीचे मागील स्प्रिंग भाराने जवळजवळ सपाट झाले होते, तिकडे मात्र माझे लक्ष नव्हते.

मनालीत दोन रात्री काढून आम्ही रोहतांग ओलांडला. रोहतांगखालचा अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाला. तेव्हा ३,९७८ मीटर उंचीची ती खिंड चढूनच जावे लागे. ग्राम्फूपाशी लेहचा रस्ता डावीकडे सोडून आपण चंद्रा नदीच्या काठाने वळलो, की डांबर संपते. पुढे छत्रू, छोटा दर्रा आणि बातल. दगडगोट्यांचा रस्ता, आणि दर काही अंतरावर हिमनद्यांचे पाणी त्यावरून वाहत असते. हे नाले सकाळी घोट्याएवढे असतात. उन्हाने बर्फ वितळू लागले की दुपारी त्यांचे पाणी चढते. आम्ही रोहतांगवर छायाचित्रे काढण्यात वेळ दवडला होता. छोटा दर्र्याच्या पुढच्या नाल्यावर पोहोचेपर्यंत तीन वाजले.

माझी गाडी पुढे होती. मुलांना एकत्र बसायचे होते म्हणून मित्राचा मुलगा माझ्या गाडीत मधल्या बाकावर होता. पाण्याचा जोर पाहून मी घाबरलो आणि नाला लवकर पार व्हावा म्हणून वेग वाढविला. पाण्याखालच्या खड्ड्यात पुढचे चाक आदळले. गाडी थाडकन थांबली आणि त्याच क्षणी उजवीकडे कलली. टपावरचे कॅन दोरीसह सरकले व त्या भाराने गाडी आणखी झुकली. दोन-तीन सेकंदच ती तशी राहिली असेल, पण खाली चंद्रेचे पाणी दिसत होते. मग ती सावकाश आपल्या जागी आली. सुटलो, असे म्हणेपर्यंत मागून रडण्याचा आवाज आला. मागच्या सामानाच्या राशीवर, अगदी माथ्यावर, ‘चटकन हाताशी यावी’ म्हणून मी औषधांची पत्र्याची पेटी ठेवली होती. ती बाकाच्या पाठीवरून उडून मुलाच्या डाव्या खांद्यावर पडली होती.

मित्र पाण्यातून धावत आला. त्याने मुलाच्या गळपट्टीच्या हाडावरून बोट फिरविले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, “क्लॅव्हिकल आहे. पेटीत त्रिकोणी पट्टी असेल, दे.” ज्या पेटीने हाड मोडले तिच्यातूनच मी झोळीची पट्टी काढून दिली. वेदनाशामकाची मात्रा काढताना मुलाला वजन विचारले. तो मुसमुसत म्हणाला, “अठ्ठावीस, काका.” त्या पेटीचे वजन किती, हे मला ठाऊक नव्हते. इंदूरला परतल्यावर दवाखान्यातल्या काट्यावर ती ठेवली. आठ किलो चारशे ग्रॅम भरली.

बातलच्या ढाब्यावर रात्र काढली. तेथे एका स्पितीवासी सुमोचालकाने आमची गाडी पाहिली. न विचारता तो टपावर चढला व कॅन एकेक करून खाली देऊ लागला. “साब, छत पर सिर्फ़ बिस्तर,” तो म्हणाला. अर्ध्या तासात त्याने सारा डोलारा उतरवून पुन्हा रचला. कॅन मागच्या बाकाच्या पाठीला अगदी चिकटवून तळाशी, त्यांवर खोकी, आणि तंबू व पिशव्या ताडपत्रीत गुंडाळून टपावर. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच वाटेने मनालीला परतलो. तोच नाला, तीच गाडी. पण या वेळी ती डुलली नाही. कुंझुम खिंड आणि काझा राहून गेले.

इंदूरला आल्यावर अपराधीपणामुळे म्हणा, मी तोच संसार पुन्हा गाडीत भरून, तितकीच माणसे बसवून, गाडी बायपासवरच्या धर्मकाट्यावर नेली. वाहनाच्या पुस्तिकेत रिकाम्या गाडीचे वजन आणि माणसे व सामानासह अनुज्ञेय कमाल वजन असे दोन आकडे असतात. त्यांची वजाबाकी म्हणजे आपल्या हाती असलेली सारी मुभा. माणसांचे वजनही तिच्यातूनच जाते, हे आपण विसरतो. आमची गाडी त्या कमाल मर्यादेपेक्षा एकशे चाळीस किलोने जड होती. ब्रेक, स्प्रिंग आणि टायर यांनी तो भार रोहतांगवर वाहिला कसा, याचे आजही नवल वाटते.

मग सामानाचे तीन ढीग केले: रोज लागलेले, एकदा लागलेले आणि मुळीच न लागलेले. तिसरा ढीग शहाण्णव किलोचा निघाला. त्यात चाळीस लिटर डिझेल होते. लिटरला सुमारे ८३० ग्रॅम धरले तरी ते एकटे तेहतीस किलो, वर कॅनचे वजन वेगळे. मनालीहून काझा सुमारे दोनशे किलोमीटर, आणि काझ्याला पंप आहे. भरलेली टाकी पुरून उरली असती. प्राणवायूचे डझनभर छोटे डबे होते. दहा लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटर या गतीने पाच मिनिटांत संपतो; म्हणजे बारा डबे मिळून एका रुग्णाला एक तास. उंचीच्या आजारावरचा खरा उपाय तातडीने खाली उतरणे हा आहे, हे आम्ही दोघे डॉक्टर जाणत होतो, तरी डबे घेतले. याउलट प्रेशर कुकर जड असूनही तो पहिल्या ढिगात होता. सव्वाचार हजार मीटरवर पाणी सुमारे ८६ अंशांनाच उकळते, तेथे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. तेव्हा ध्यानात आले, की तिसऱ्या ढिगातील एकही वस्तू आम्ही हिशेबाने घेतली नव्हती; साऱ्या भीतीने घेतल्या होत्या.

ओझे कोठे ठेवावे, हेही मग नीट समजून घेतले. नवजात अर्भकाचे डोके त्याच्या लांबीच्या चतुर्थांश असते, मोठ्या माणसाचे सुमारे अष्टमांश. नुकते चालू लागलेले मूल पावलोपावली तोल जाऊन पडते, त्याचे एक कारण हे जड डोके होय. टपावर कॅन चढविणे म्हणजे चांगल्या चालत्या गाडीला पुन्हा तान्ह्या मुलाचे डोके देणे. पुस्तिकेत टपावरील भाराची मर्यादाही दिलेली असते. ती सहसा फार थोडी असते आणि तिच्यात कॅरिअरचे स्वतःचे वजन धरावे लागते. मागच्या दाराबाहेर टांगलेले वजन तरफेसारखे काम करते. त्याने पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू ऐकेनासे होते. म्हणून जड वस्तू दोन्ही आसांच्या मधोमध, तळाशी, बाकाला टेकवून ठेवावी. अर्धवट भरलेल्या मोठ्या कॅनमधले पाणी वळणावर हिंदकळून गाडीला ढकलते. त्यापेक्षा पाच लिटरचे भरलेले लहान कॅन बरे, एकेक करून रिकामे करता येतात.

तिसरी गोष्ट बांधण्याची. ताशी तीस किलोमीटर वेगाने चाललेली गाडी एकाएकी थांबली, तर आतली सुटी वस्तू जो आघात करते तो सुमारे साडेतीन मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो. पन्नासच्या वेगाला तीच उंची जवळजवळ दहा मीटर होते. तिसऱ्या मजल्यावरून आपल्या मुलाच्या अंगावर कुकर पडलेला कोण चालवून घेईल? पण सुटा कुकर मागे ठेवून आपण निर्धास्त गाडी हाकतो. ताणाच्या रबरी दोऱ्या पांघरुणांना ठीक. जड सामानाला खटक्याचे पट्टेच हवेत, आणि ते गाडीच्या लोखंडी कड्यांत अडकवलेले हवेत. वीस-तीस किलोमीटर गेल्यावर सामान बसते व पट्टे सैलावतात, तेव्हा उतरून ते पुन्हा आवळावेत. सामानाची रास बाकाच्या पाठीपेक्षा उंच जाऊ देऊ नये, आणि गेलीच तर मध्ये जाळी बांधावी. फावडे, दोर, जॅक आणि त्याखाली ठेवायची फळी ही अडचणीच्या वेळी लागणारी साधने सर्वांत शेवटी भरावीत, म्हणजे ती सर्वांत आधी निघतात. नाल्याच्या मध्यावर कोणी तंबू उपसत बसू नये.

२०१६ मध्ये तीच दोन कुटुंबे पुन्हा स्पितीला गेली. निघण्यापूर्वी प्रत्येक वस्तू दवाखान्याच्या काट्यावरून गेली. सौ.ने स्वतः फराळाचे डबे निम्मे केले. या वेळी नाले सकाळी नऊच्या आत ओलांडले आणि कुंझुम चढून काझ्याला पोहोचलो. पंपावर डिझेल भरताना मित्र माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “आता ते चाळीस लिटर विसर.” त्या अपघाताविषयी चार वर्षांत तो मला एवढेच बोलला. हाड महिन्याभरातच जुळले होते. माझ्या मनाला मात्र ती चार वर्षे लागली.

तो मुलगा आता वैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. गेल्या हिवाळ्यात पचमढीला निघताना गाडी त्यानेच भरली. माझ्या हातून औषधांची पेटी घेऊन त्याने ती तोलून पाहिली, पुढच्या आसनामागे तळाशी ठेवली, पट्टा आवळला आणि दोनदा ओढून पाहिला. मग विचारले, “काका, हिचं वजन किती?”

“तीन किलो दोनशे,” मी सांगितले. या वेळी मला ते ठाऊक होते.